टॉप फ्लोअरच्या शॉवरला प्रेशर का नसतं? १७३८ मध्येच याचं उत्तर देणाऱ्या डॅनियलला बापानं घराबाहेर काढलं होतं

सकाळचे आठ वाजलेत. ऑफिसला उशीर झालाय, डोक्याला शॅम्पू लावून झालाय आणि शॉवरमधून पाणी येतंय ते असं, जणू कुणी वरून झारीनं कुंडीला पाणी घालतंय. टाकी तुमच्या डोक्यावरच्या गच्चीतच आहे, सगळ्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या सगळ्यात जवळ तुम्हीच राहता, तरी तळमजल्यावरच्या काकांच्या नळाला फोर्स आणि तुमच्या शॉवरला धार नाही. मग प्लंबर येतो, एक कॉक बदलतो, पैसे घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा विषय ज्या माणसानं पहिल्यांदा नीट उलगडला त्याचं नाव डॅनियल बर्नुली. बारावीच्या फिजिक्समध्ये त्याचा सिद्धांत आपण पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरून गेलो. पण त्या सिद्धांतामागं बाप आणि लेकाचं एक भांडण आहे, आणि ते एखाद्या सिरियलला लाजवेल असं आहे.

घरात गणित होतं, पण पोरानं गणित करायचं नव्हतं

डॅनियलचा जन्म १७०० सालच्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात झाला. बर्नुली घराणं मूळचं अँटवर्पचं. स्पॅनिश राजवटीत प्रोटेस्टंट लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा ते तिथून बाहेर पडलं आणि शेवटी स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात स्थिरावलं. या घराण्यानं पुढं इतके गणिती दिले की कुठला शोध कुठल्या बर्नुलीचा हे सांगताना आजही गोंधळ उडतो.

डॅनियलचे वडील जोहान हे त्या काळातल्या युरोपमधल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांपैकी एक. काका याकोब बाझल विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. दोघे भाऊ एकमेकांना पाण्यात पाहायचे आणि कुणाचा शोध आधीचा यावरून उघड भांडायचे. १७०५ मध्ये याकोब वारले आणि जोहाननं बाझलला येऊन भावाचीच खुर्ची मिळवली.

श्रेय गेलं की काय होतं, हे जोहानइतकं कुणाला माहीत नसेल. तरुणपणी त्यानं एका फ्रेंच सरदाराला पगारी शिकवणी दिली होती. त्या सरदारानं १६९६ मध्ये पुस्तक काढलं आणि त्यातला एक नियम सरदाराच्याच नावानं अजरामर झाला. इंजिनिअरिंगच्या पोरांना आजही छळणारा लोपितालचा नियम तो हाच. शोध जोहानचा, नाव लोपितालचं. ही सल त्याच्या मनात कायम राहिली.

आता असा बाप पोराला गणितच शिकवेल असं आपल्याला वाटतं. पण जोहानचं म्हणणं होतं की गणितात पैसा नाही, पोरानं व्यापारात जावं. डॅनियलनं नकार दिला. मग तोडगा निघाला डॉक्टरकीचा. हायडेलबर्ग, स्ट्रासबर्ग आणि बाझल अशा तीन ठिकाणी शिकून डॅनियल १७२१ मध्ये डॉक्टर झाला. त्याच्या प्रबंधाचा विषय होता श्वासोच्छ्वासामागचं यंत्रशास्त्र. म्हणजे डिग्री वैद्यकाची घेतली, पण डोकं चाललं ते गणिताच्याच वाटेनं. कारण याच काळात बापानं त्याला घरी गणित शिकवलं होतं आणि थोरला भाऊ निकोलसही शिकवत होता.

बापाकडून शिकलेली एक कल्पना डॅनियलच्या डोक्यात पक्की बसली. हलणाऱ्या वस्तूत तिच्या वेगाच्या वर्गाच्या हिशोबात एक ताकद साठलेली असते आणि ती नाहीशी होत नाही, रूप बदलते. आज आपण याला ऊर्जा म्हणतो. पुढं बाप आणि लेक वेगळे झाले, पण लेकाच्या सगळ्यात मोठ्या शोधाचा पाया बापानं घातला होता हे विसरून चालणार नाही.

चिठ्ठीनं नोकरी घालवली, वाळूच्या घड्याळानं नाव मिळवून दिलं

शिक्षण झाल्यावर डॅनियलनं बाझलमध्ये प्राध्यापकाच्या जागांसाठी अर्ज केले. तिथं शेवटच्या उमेदवारांमधून चिठ्ठी टाकून निवड व्हायची. वशिला चालू नये म्हणून केलेली ही सोय डॅनियलला मात्र दोनदा नडली. चिठ्ठी दुसऱ्याचीच निघाली.

मग तो इटलीत व्हेनिसला गेला. तिथं वैद्यकाचा अनुभव घेता घेता १७२४ मध्ये त्यानं गणितावरचं पुस्तक काढलं. त्यानंतर पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं एक स्पर्धा जाहीर केली होती, समुद्रात हेलकावे खाणाऱ्या जहाजावर वेळ नीट कशी मोजायची? डॅनियलनं असं घड्याळ सुचवलं की जहाज कितीही डोललं तरी त्यातली धार एकसारखी राहील. १७२५ मध्ये त्याला बक्षीस मिळालं. धार एकसारखी ठेवणं हाच त्याचा पहिला मोठा प्रश्न होता, हे जरा लक्षात ठेवा. अकादमीची अशी एकूण १० बक्षिसं त्यानं आयुष्यात मिळवली.

त्याच वर्षी रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या नव्या अकादमीतून बोलावणं आलं. डॅनियल आणि निकोलस दोघेही भाऊ गेले. पण १७२६ च्या उन्हाळ्यात निकोलस तापानं गेला. ज्यानं बोट धरून गणित शिकवलं तो भाऊ परक्या देशात, डोळ्यांसमोर गेला. वर ती थंडी. डॅनियलचं तिथं मन रमेना.

१७२७ मध्ये तिथं एक पोरगा आला. जोहानचाच विद्यार्थी, नाव लेओनार्ड ऑयलर. पुढं तो जगातल्या सर्वकालीन थोर गणितज्ञांमध्ये गणला गेला. या दोघांची जोडी जमली आणि डॅनियलच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं सुरू झाली.

डॉक्टरनं पाईपला टोचली नळी

डॅनियल डॉक्टर होता हे इथं कामाला आलं. शरीरात रक्त कसं वाहतं, रक्तवाहिनीच्या भिंतीवर ते किती दाब देतं, हा त्याचा जुना कुतूहलाचा विषय. त्यानं प्रयोग पाण्यावर केला.

टाकी घ्या. तिच्या तळाशी आडवा पाईप जोडा. पाईपच्या अंगाला भोक पाडून त्यात काचेची बारीक नळी उभी करा. आता पाईपचं तोंड बंद ठेवलं तर नळीत पाणी टाकीच्या पातळीपर्यंत चढतं. यात नवल नाही. पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो हे पास्कलनं आधीच्या शतकात दाखवलं होतं.

खरी गंमत तोंड उघडल्यावर आहे. पाणी पळायला लागलं की काचेच्या नळीतली पातळी खाली येते. जितकं जोरात पाणी पळेल तितकी ती खाली. म्हणजे टाकी तीच, उंची तीच, तरी वाहत्या पाण्याचा भिंतीवरचा दाब उभ्या पाण्यापेक्षा कमी.

डॅनियलनं बापाकडून शिकलेली ती कल्पना इथं लावली. समजा पाण्याकडं ठरावीक पगार आहे आणि तो तीन पाकिटांत ठेवलाय. एक पाकीट उंचीचं, दुसरं दाबाचं, तिसरं वेगाचं. बाहेरून पैसे येणार नाहीत. मग वेगाच्या पाकिटात जास्त टाकायचे तर दाबाच्या पाकिटातून काढावे लागणार. बर्नुलीचा सिद्धांत म्हणतात तो हाच. आज आपण वापरतो ते सुटसुटीत समीकरण पुढं ऑयलरनं मांडलं, पण मूळ विचार डॅनियलचा.

आपण शॉवर बंद असताना प्रेशर आहे म्हणतो आणि उघडल्यावर कुठं गेलं म्हणतो, त्याचं उत्तर या काचेच्या नळीत आहे. आपण प्रेशर आणि फ्लो हे एकच समजतो. ते दोन वेगळे विषय आहेत.

एक बक्षीस, दोन विजेते आणि बंद झालेलं घर

१७३३ मध्ये डॅनियल बाझलला परतला. तिथं त्याला जागा मिळाली ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. पाण्यावरच्या पुस्तकाचं काम सुरूच होतं.

१७३४ मध्ये पॅरिसच्या अकादमीनं ग्रहांच्या कक्षांबद्दलच्या प्रश्नाचं बक्षीस जाहीर केलं. विजेते दोन. जोहान बर्नुली आणि डॅनियल बर्नुली. बाप आणि लेक बरोबरीनं.

आपल्याकडं असा निकाल लागला असता तर बापानं गल्लीत पेढे वाटले असते. जोहानला मात्र हा अपमान वाटला. ज्याला आपण शिकवलं तो आपल्या बरोबरीला बसला हे त्याला सहन झालं नाही. त्यानं डॅनियलला घराचे दरवाजे बंद केले.

१७३८ मध्ये डॅनियलचं पुस्तक स्ट्रासबर्गहून छापून आलं. नाव हायड्रोडायनॅमिका. हायड्रोडायनॅमिक्स हा शब्द जगाला इथूनच मिळाला. याच पुस्तकात एका प्रकरणात त्यानं हवेचा दाब म्हणजे असंख्य बारीक कणांची धडक असते असंही मांडलं. ही गोष्ट जगाला पटायला पुढं शंभराहून जास्त वर्षं लागली.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर डॅनियलनं स्वतःच्या नावापुढं जोहानचा मुलगा असं छापलं होतं. घराबाहेर काढलेल्या पोरानं बापाचं नाव लावलं. तह करायचा त्याचा हा एक प्रयत्न होता.

जोहानचं उत्तर काही वर्षांत आलं. त्यानं हायड्रॉलिका नावाचं स्वतःचं पुस्तक काढलं. विषय तोच, पाण्याचा प्रवाह. आणि त्यावर सांगितलं होतं की हे काम १७३२ सालचं आहे. म्हणजे पोराच्या पुस्तकाच्या सहा वर्षं आधीचं. ऑयलरनं त्या पुस्तकाचं कौतुकही केलं, कारण जोहानची मांडणी काही बाबतीत खरोखर नवी होती. पण मागची तारीख टाकून पोराचं श्रेय घ्यायचा हा डाव होता, असंच बहुतेक इतिहासकार मानतात.

डॅनियल पार खचला. आपलं सगळं पुस्तकच आपल्यापासून हिरावलं गेलं, असं त्यानं ऑयलरला पत्रातून कळवलं. दहा वर्षांची मेहनत एका क्षणात गेल्यासारखं त्याला वाटलं. ज्या माणसाचं श्रेय एका सरदारानं घेतलं होतं, त्याच माणसानं आपल्या पोराच्या बाबतीत हे केलं. १७४८ च्या पहिल्याच दिवशी जोहान वारला. दोघांचं पुन्हा जमलं नाही.

पुढचा डॅनियल

त्यानंतर डॅनियलनं पाण्याच्या गणितात पूर्वीसारखा जीव ओतला नाही. पण तो रिकामाही बसला नाही. १७५० मध्ये त्याला अखेर हवी ती भौतिकशास्त्राची खुर्ची मिळाली आणि त्यानं पंचवीसहून जास्त वर्षं शिकवलं. १७६० मध्ये त्यानं देवीच्या रोगाचा हिशोब मांडला. देवी टोचून घेतल्या तर माणसाचं सरासरी आयुष्य साधारण ३ वर्षांनी वाढेल, असं त्याचं गणित सांगत होतं. साथीच्या रोगांची गणितं मांडणारे लोक आजही या कामापासून सुरुवात करतात.

त्याचा एक किस्सा सांगितला जातो. तरुणपणी प्रवासात एका अनोळखी माणसाशी त्याच्या गप्पा रंगल्या. त्यानं आपलं नाव डॅनियल बर्नुली असं सांगितलं. समोरच्याला वाटलं हा पोरगा फेकतोय, म्हणून त्यानंही आपण आयझॅक न्यूटन असल्याचं सांगून टाकलं. आयुष्यात मिळालेल्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा डॅनियलला हा किस्सा जास्त आवडायचा म्हणतात. त्यानं लग्न केलं नाही. १७ मार्च १७८२ ला बाझलमध्येच तो वारला.

आता तुमच्या शॉवरकडं येऊ

डॅनियलचं डोकं वापरून तुमच्या बाथरूमचा हिशोब करू.

पहिली गोष्ट उंची. १० मीटर उंचीचं पाणी साधारण १ बार दाब देतं. टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या शॉवरपेक्षा २ मीटर वर असेल तर तुम्हाला मिळतात फक्त ०.२ बार. त्याच टाकीपासून २० मीटर खाली राहणाऱ्या काकांना मिळतात २ बार. टाकीच्या जवळ राहणं हाच तुमचा प्रॉब्लेम आहे.

म्हणून १००० लिटरची टाकी काढून २००० लिटरची बसवली तर प्रेशर वाढेल, हा गैरसमज सोडा. दाब पाण्याच्या उंचीमुळं येतो, लिटरमुळं नाही.

टाकी स्टँडवर चढवली तर फरक पडतो, पण अपेक्षेपेक्षा कमी. उंची २ मीटरची ४ मीटर केली की दाब दुप्पट होतो, पण वेग उंचीच्या वर्गमुळाच्या हिशोबात वाढत असल्यानं तो कागदावर जेमतेम १.४ पट होतो. शिवाय १००० लिटर पाणी म्हणजे १ टन वजन. स्लॅबवर असं काही करायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, नुसतं वेल्डरला विचारून चालणार नाही.

दुसरी गोष्ट पाईप. डॅनियलच्या हिशोबात घर्षण धरलेलं नव्हतं, आपल्या पाईपमध्ये ते भरपूर असतं. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाईपातून न्यायचं तर घर्षणात साधारण ३० पट दाब वाया जातो. तुमच्याकडं आधीच ०.२ बार आहेत. ते अर्धा इंची पाईप, सात-आठ एल्बो आणि अर्धवट उघडणाऱ्या जुन्या वॉल्व्हमध्येच संपून जातात. टाकीपासून बाथरूमपर्यंत एक इंची पाईप, कमीत कमी वळणं आणि पूर्ण उघडणारा बॉल वॉल्व्ह, एवढ्यानंही धार बदलते.

तिसरी गोष्ट शेजारी. बऱ्याच बिल्डिंगमध्ये टाकीतून एकच पाईप खाली उतरतो आणि प्रत्येक मजल्याला त्याच पाईपाला फांदी असते. सकाळी खालच्या मजल्यांवर नळ उघडले की त्या पाईपातलं पाणी वेगात पळतं. वेगाचं पाकीट भरलं, दाबाचं रिकामं झालं. तुमची फांदी सगळ्यात वर, त्यामुळं पहिला फटका तुम्हाला. डॅनियलच्या काचेच्या नळीत जे झालं तेच तुमच्या शॉवरमध्ये होतं. यावर उपाय म्हणजे टॉप फ्लोअरसाठी टाकीतून स्वतंत्र लाईन घेणं.

पण पैसे खर्च करायच्या आधी दुखणं कुठं आहे ते शोधा. शॉवरचं तोंड काढा आणि नुसता पाईप चालू करून १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा.

पाणी धो धो आलं तर दोष शॉवरच्या भोकांत साचलेल्या क्षाराचा आहे. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, घासा, बसवा. गार पाणी जोरात आणि गरम पाणी बारीक येत असेल तर गिझरच्या बाजूची जाळी किंवा कॉक तपासा. पाणी मधेच थुंकल्यासारखं येत असेल तर लाईनमध्ये हवा अडकली आहे, तिथं टाकीजवळ एअर व्हेंटचा उभा पाईप लागतो. पहाटे सगळी बिल्डिंग झोपलेली असताना धार चांगली आणि आठ वाजता बारीक, तर विषय सामायिक पाईपाचा.

हे सगळं ठीक असूनही धार नसेल तर मात्र उंचीच कमी आहे. मग प्रेशर पंप लावा. डॅनियलच्या भाषेत सांगायचं तर पंप म्हणजे बाहेरून येणारा पगार. तो गच्चीवरच्या टाकीच्या आउटलेटला, फक्त तुमच्या लाईनवर बसवायचा. नळ उघडला की आपोआप सुरू होणारा घ्या. टाकीचा आउटलेट बारीक असेल तर आधी तो मोठा करा, कारण पंपाला पाणीच मिळालं नाही तर तो हवा ओढत बसतो. आणि पालिकेच्या लाईनला थेट पंप जोडण्याचा विचारही करू नका. त्यानं शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं, बाहेरचं घाण पाणी लाईनमध्ये शिरू शकतं आणि कारवाई होते ती वेगळीच.

जोहाननं पुस्तकावर मागची तारीख टाकली, पण जगानं सिद्धांत डॅनियलच्याच नावावर ठेवला. पुढच्या वेळी प्लंबर आला आणि थेट कॉक बदलायला लागला, तर त्याला आधी बादली भरायला लावा.